किण्वपेशीची तटबंदी

वाशीम जिल्ह्यांतील कारंजा ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांना तेथील जुन्या वेशी आठवत असतील. दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस आणि पोहा वेस. एके काळीं या गांवाभोंवतीं तट होता. तटाचे दगड कितीहि मजबूत असले तरी दगडांना डोळे नसतात. खिंडार पडलें, तर तें पहारेकऱ्यानें पाहावें लागतें; त्याची हांक आंत पोंचावी लागते, आणि मग गवंडी कामाला लागतात. आज मी आपणांस अशाच एका तटाची हकीकत सांगणार आहे. मात्र असे सुमारें २०० तटबंद गांव एका मिलिमीटरांत ओळीनें मावतात.

ज्याच्यामुळें पाव फुगतो आणि जिलबीचें पीठ आंबतें, तें किण्व, म्हणजे यीस्ट, ही एकपेशीय बुरशी आहे. आंबणें ही सजीवाची क्रिया होय, असें पाश्चर यांनीं १८५७ साली प्रतिपादिलें. पुढें १८९७ साली जर्मनींतील बुख्नर यांनीं किण्व वाळूबरोबर खलून त्याचा रस काढला, आणि त्या निर्जीव रसानेंहि साखर आंबते हें दाखविलें. त्या प्रयोगांत पेशीची भिंत ही केवळ फोडून टाकण्याची अडचण होती. भिंत म्हणजे टरफल, अशी समजूत पुढें बराच काळ टिकली.

परंतु हें टरफल नव्हे. पेशीच्या आंत विरघळलेले पदार्थ बाहेरच्यापेक्षां दाट असल्यामुळें पाणी सारखें आंत शिरूं पाहतें. ग्लुकानच्या धाग्यांची, मॅनोजयुक्त प्रथिनांची आणि थोड्या कायटिनची ही भिंत नसेल, तर पेशी फुटून जाईल. कायटिन म्हणजे झुरळाच्या पाठीच्या कवचांत असतें तेंच द्रव्य. शिवाय किण्वाला कळी फुटते, तेव्हां हाच तट जागोजाग सैल करून पुन्हां बांधावा लागतो. तर मग त्यावर पहारा कोणाचा?

उत्तराची पहिली खूण मिळाली ती मरणाऱ्या पेशींकडून. माद्रिदच्या संशोधकांनीं किण्वाची अशी एक जात अभ्यासिली, कीं जी ३७ अंशांच्या उष्णतेंत आपोआप फुटे. पण पाण्यांत सॉर्बिटॉल विरघळवून तें दाट केलें कीं जगे. याचा अर्थ असा कीं, दोष भिंतीचा होता. बाहेरचें पाणी दाट झाल्यामुळें तिच्यावरील ताण कमी होई. त्या पेशींत बिघडलेलें जनुक १९९१ साली ओळखलें गेलें. तें जनुक ज्या प्रथिनाचें, त्याला आज एस-एल-टी-२ म्हणतात. अमेरिकेंत डेव्हिड लेव्हिन यांच्या प्रयोगशाळेनें त्याच सुमारास याच सांखळींतलें वरचें प्रथिन, पी-के-सी-१, शोधून काढलें. त्याच प्रयोगशाळेनें १९९५ साली दाखविलें कीं, सुमारें ३९ अंशांच्या उष्णतेनेंच ही सांखळी जागी होते. वैशाखांतील वाशीमच्या उन्हाळ्यांत पारा चाळिशी ओलांडतो. तेवढ्या उष्णतेंत किण्वपेशीच्या आंत धोक्याची घंटा वाजत असते.

घंटेचा दोर हाती आला, तरी तो ओढणारा कोण हें उरलें होतें. १९९७ साली डब्ल्यू-एस-सी नांवाच्या प्रथिनांचें कुटुंब उघडकीस आलें. तेच ते पहारेकरी. त्यांचें एक टोंक पेशीच्या आंत, दुसरें भिंतींत रुतलेलें. भिंत ताणली कीं तेंहि ताणलें जातें, असें मानतात. २००९ साली अतिसूक्ष्म सुईनें एक पहारेकरी ओढून पाहिला, तेव्हां तो स्प्रिंगप्रमाणें ताणला जातो हें दिसलें. त्याची हांक आर-एच-ओ-१ या प्रथिनाकडून पी-के-सी-१ कडे, मग क्रमानें एस-एल-टी-२ कडे जाते. तें केंद्रांतील जनुकें चेतवितें आणि दुरुस्ती सुरू होते. आर-एच-ओ-१ हेंच ग्लुकान विणणाऱ्या विकरालाहि चालना देतें, हें १९९६ सालीच कळलें होतें. दवंडी देणारा आणि गवंड्याला हुकूम देणारा एकच!

हा केवळ कुतूहलाचा विषय नाहीं. रुग्णालयांतील अशक्त रोग्यांच्या रक्तांत कॅंडिडा नांवाची यीस्टसारखीच बुरशी शिरली, तर ती प्राणघातक ठरूं शकते. पूर्वीचीं औषधें, आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्यें शोधलेलें हॅमायसिनहि त्यांतलेंच, पेशीच्या आंतील पडद्यावर आघात करीत. माणसाच्या पेशीलाहि पडदा असतो, म्हणून त्यांचा त्रास माणसालाहि होई. माणसाच्या पेशीला भिंत मात्र नसते. म्हणून ग्लुकानचें विणकाम थांबविणारें कॅस्पोफंजिन हें औषध २००१ साली अमेरिकेंत मान्य झालें, तेव्हां मोठी आशा वाटली.

आणि येथेंच पहारेकरी आडवा येतो. औषधानें तट खचला कीं हांक जाते, आणि कॅंडिडा कायटिन वाढवून खिंडार बुजवूं लागते, असें ॲबर्डीनच्या संशोधकांनीं २००८ साली दाखविलें. तेव्हां पुढील उपाय केवळ दगडावर नव्हे, तर त्या हांकेवर घालावा लागेल.

कारंज्याच्या वेशीखालून जातांना दगड किती मोठे आहेत, एवढेंच आपण पाहतों. शत्रूची गांठ मात्र प्रथम तेथें उभ्या असलेल्या जागत्या माणसाशीं पडत असे.