धान्य सरलें, पाणी उरलें

बारामती तालुक्याच्या दक्षिण अंगास नीरेच्या डाव्या कालव्यानें मळे फुलले. परंतु लोणी भापकरकडील जिराईत पट्टा आभाळाकडेच डोळे लावून राहिला. त्या गांवची प्राचीन दगडी पुष्करणी पाहतां, तेथील पूर्वजांस पाण्याचें मोल किती ठाऊक होतें, हें आमच्या ध्यानीं येतें.

१९६० नंतरच्या दशकांत बारामतीच्या जिराईत भागांत एक स्मरणीय कार्य घडलें. ‘कासा’ या ख्रिस्ती साहाय्य संस्थेनें धान्य पुरविलें. ही संस्था आम्हां कॅथोलिकांची नव्हे, इतर ख्रिस्ती बंधूंची. पण सत्कार्यास पंथ कोठला? तें धान्य भिक्षा म्हणून वांटलें नाहीं. पाझर तलावांचे बांध घालणाऱ्यांस तें मजुरी म्हणून मिळालें. अडविलेलें पाणी जमिनींत मुरावें व खालच्या विहिरींस उतरावें, हा हेतु. या अनुभवांतूनच पुढें १९७१ सालीं आप्पासाहेब पवार यांच्या पुढाकारानें ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट उभा राहिला.

तथापि एक शल्य आम्हांस टोंचतें. मुरलेलें पाणी ज्याची विहीर त्याच्याच वांट्यास येतें. मातीच्या पाट्या वाहणाऱ्या भूमिहीनाची मजुरी मात्र चुलींतच संपते.

प्रिय धर्मबांधवहो, लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायांत ज्युबिलीचें वर्ष म्हणजे गमावलेली जमीन मूळ कुटुंबास परत मिळण्याचें वर्ष होय. तेव्हां आपल्या ज्युबिलीचा दानधर्म करतांना, भाकरीबरोबर पाण्याचाहि वांटा गरिबास मिळतो कीं नाहीं, हें आपण आधीं विचारूं या.