संगणकाची अंकलिपी

घरांत नवें यंत्र आलें म्हणजे तें शिकावयाचें कसें, हा प्रश्न त्याच्या मागोमाग उंबरठा ओलांडून आंत येतो. शिवणयंत्राला किंवा सायकलीला पुस्तक लागत नाहीं. शेजारचा कोणी जाणता दाखवितो, चार दिवस चुकतमाकत जातात आणि हात बसतो. संगणकाची गोष्ट निराळी. त्याचें काम दृष्टीआड चालतें. कोणती कळ दाबल्यानें काय झालें, हें नुसतें पाहून उमगत नाहीं. आणि ज्याला विचारावें असा जाणता शेजारी प्रत्येक आळींत असतोच असें नाहीं. म्हणून ह्या यंत्राबरोबर एखादी अंकलिपी लागते. मुलाच्या हातीं पहिली अंकलिपी कोणती पडते, यावर पुढील अभ्यासाची गोडी किंवा नावड पुष्कळशी अवलंबून असते. संगणकाच्या पहिल्या पुस्तकाविषयींहि तेंच म्हणतां येईल.

पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, पारनेर तालुक्यांत, सुपा हें गांव आहे. भोंवतालचा मुलूख अवर्षणाचा. परंतु औद्योगिक वसाहत उभी राहिल्यापासून शेताच्या बांधापलीकडे कारखान्यांच्या भिंती दिसूं लागल्या. आजच्या कारखान्यांत हजेरी, मालाचा हिशेब, आवकजावक हीं सारीं कामें संगणकावर चालतात. तेव्हां आपल्या मुलाला किंवा मुलीला संगणक यावा, असें अशा गांवांतील आईबापांस वाटलें तर तो शौक नव्हे. त्यांत उद्यांच्या भाकरीचा विचार आहे. पैसे सांठवून यंत्र घेतलें जातें, आणि पुस्तकाच्या शोधांत पावलें पुण्याच्या अप्पा बळवंत चौकाकडे वळतात. तेथें पुस्तकांच्या थप्प्या लागलेल्या. सोपेपणाचें आश्वासन बहुतेक प्रत्येकाच्या वेष्टनावर. ह्यांतून निवडावें कोणतें? हा प्रश्न आजचा नाहीं. त्याला चाळीस वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यांतील एक मोठें बोधप्रद प्रकरण ह्याच रस्त्याच्या पुण्याकडील टोकाला घडलेलें आहे.

१९८२ च्या एप्रिल महिन्यांत इंग्लंडमध्यें क्लाइव्ह सिंक्लेअर ह्यांच्या कंपनीनें 'झेड-एक्स स्पेक्ट्रम' नांवाचा घरगुती संगणक विक्रीस काढला. पडद्याच्या जागीं घरचाच दूरचित्रवाणी संच जोडावयाचा आणि आज्ञावली सांठविण्यास गाण्यांची साधी कॅसेट वापरावयाची, अशी त्याची योजना होती. त्यामुळें त्याची किंमत १२५ पौंडांपासून सुरू होई. पुण्याच्या डेसिबल्स इलेक्ट्रॉनिक्स ह्या कंपनीनें त्याच जातीचा 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' परवान्यानें भारतांत आणला. मूळ स्पेक्ट्रमबरोबर दोन पुस्तकें मिळत. एक बारीक, त्यांत तारा कोठें जोडाव्या आणि कळफलक कसा वापरावा, एवढेंच सांगितलेलें असे. दुसरें जाड, त्यांत 'बेसिक' ह्या आज्ञाभाषेचे क्रमवार पाठ होते. हें दुसरें पुस्तक लिहिणारे स्टीव्हन व्हिकर्स हे केवळ लेखक नव्हते. यंत्राच्या पोटांतील बेसिकची रचना करण्यांतहि त्यांचा हात होता. यंत्र घडविणाऱ्यानेंच त्याची अंकलिपी लिहावी, असा हा दुर्मिळ योग होता.

ह्या योगाचें महत्त्व एका लहानशा उदाहरणानें ध्यानांत येईल. बेसिक भाषेंत पडद्यावर कांहीं उमटवावयाचें झाल्यास 'प्रिंट' ही आज्ञा द्यावी लागते. बाजारांतील बेसिकच्या सर्वसाधारण पुस्तकांत हा शब्द एकेक अक्षर टंकून लिहावा असें गृहीत धरलेलें असे. परंतु स्पेक्ट्रमची तऱ्हा वेगळी होती. ओळीच्या आरंभीं 'पी' अक्षराची एकच कळ दाबली कीं 'प्रिंट' हा सबंध शब्द पडद्यावर उमटे. आतां, दुसऱ्या यंत्रासाठीं लिहिलेलें पुस्तक पुढें ठेवून कोणी पांचहि अक्षरें दाबलीं, तर पहिल्या कळेसरशी सबंध शब्द येई आणि उरलेलीं चार अक्षरें त्याच्या मागें निरर्थक लटकत राहत. पुढें अवतरणचिन्हांत मजकूर घालून ओळ पुरी केली तरी यंत्र ती स्वीकारीत नसे. ओळींत एक प्रश्नचिन्ह लुकलुकत राही. पुस्तकांत चूक नाहीं, यंत्रांत बिघाड नाहीं, शिकणाऱ्यानें सांगितलें तसेंच केलें. आणि तरीहि पहिलाच पाठ फसला! अशा वेळीं नवशिका पुस्तकाला दोष देत नाहीं, यंत्राला देत नाहीं. 'आपल्याला हें जमणारें नव्हे' असा निर्णय तो स्वतःविरुद्ध देऊन मोकळा होतो. चुकीच्या पुस्तकाची खरी किंमत छापील किमतींत नसते, ती येथें मोजावी लागते.

त्याच सुमारास शाळांतूनहि संगणक येऊं लागला होता. १९८४-८५ सालीं भारत सरकारनें 'क्लास' नांवाची योजना काढून अडीचशे शाळांपासून आरंभ केला, आणि त्यासाठीं 'बीबीसी मायक्रो' हें यंत्र निवडलें. हें यंत्र विलायतेंतील नभोवाणी संस्थेच्या पुढाकारानें निघालें होतें. १९८२ च्या जानेवारींत त्या संस्थेनें संगणकावर एक चित्रवाणी मालिका दाखविली, तिला जोडून पुस्तक काढलें, आणि यंत्रहि तेंच ठरविलें. ऐकणें, वाचणें आणि हातानें करणें ह्या तिहींची सांगड घालण्याचा तो विचारपूर्वक केलेला प्रयत्न होता. परंतु ह्या यंत्रावर शब्द अक्षरें टंकूनच लिहावयाचा असे. म्हणजे शाळेंत बीबीसी आणि घरीं स्पेक्ट्रम अशी जोडी ज्याच्या वांट्याला येई, त्याला एकाच भाषेचीं दोन पुस्तकें लागत. पुस्तकावर विषयाचें नांव तेंच, पण उपयोग निराळा. पुस्तक विषयाकडे पाहून घेऊं नये, हातांतील यंत्राकडे पाहून घ्यावें, हा ह्या इतिहासाचा पहिला धडा.

दुसरा धडा भाषेचा आहे. परकी विद्या घरबसल्या शिकण्याचा अनुभव मराठी कुटुंबांना नवा नाहीं. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी गिरवून पिढ्यान् पिढ्या तयार झाल्या. थोडे शब्द, एखादा नियम आणि लगेच करावयास वाक्यें, ही तिची बैठक. शिकलेलें त्याच पानावर कामास लावल्याखेरीज ती पुढें जाऊं देत नसे. संगणकाच्या पुष्कळ पुस्तकांनीं नेमकें हेंच सोडलें. पहिल्या प्रकरणांत गणनयंत्रांचा इतिहास, दुसऱ्यांत अंतर्भागांची नांवें, तिसऱ्यांत द्विमान अंकपद्धति. कळेला बोट लागेपर्यंत वाचकाचा धीर सुटलेला! १९९१ सालीं अमेरिकेंत डॅन गुकिन ह्यांचें 'डॉस फॉर डमीज' निघालें. नांवाचा अर्थ 'मठ्ठांसाठीं डॉस' असा होत असला तरी आंतील सूर नेमका उलट होता. वाचक मठ्ठ नाहीं, यंत्रच विक्षिप्त आहे, आणि सर्व कांहीं ठाऊक नसतांहि काम भागतें, असा दिलासा त्यानें दिला. पुढें त्या धाटणीचीं पुस्तकें शेंकडों विषयांवर निघालीं, यांत नवल नाहीं.

मराठींत आणखी एक अडचण होती. इंग्रजी शब्दांना प्रतिशब्द देण्याच्या उत्साहांत कांहीं लेखक 'फाइल'ची 'संचिका' आणि 'फोल्डर'चा 'धारक' करीत. भाषेच्या दृष्टीनें हे शब्द निर्दोष असतील. परंतु पडद्यावर इंग्रजी शब्द झळकत असतां पुस्तकांत त्याचा पत्ता नसला, तर वाचकानें बोट ठेवावें कोठें? उलट, इंग्रजी पुस्तकांतील वाक्यरचनेंतच ज्याची दमछाक होते, त्याला यंत्रापर्यंत पोंचावयास वेळच उरत नाहीं. समजावणी मराठींत आणि पडद्यावरचा शब्द जसाच्या तसा, ही मधली वाट ज्यांनीं धरिली त्यांचीं पुस्तकें नवशिक्याच्या उपयोगीं पडलीं.

तिसरा धडा काळाचा. १९९५ च्या ऑगस्टमध्यें 'विंडोज ९५' आलें आणि आज्ञा टंकण्याच्या जागीं चित्रावर टिचकी मारण्याची रीत घरोघर रूढ होऊं लागली. डॉसचीं उत्तमोत्तम पुस्तकें पाहतां पाहतां जुनीं झालीं. नागपूरचे यशवंत कानेटकर ह्यांचें 'लेट अस सी' हें पुस्तक आज्ञावली लिहूं पाहणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांत अतिशय लोकप्रिय झालें. त्याच्या आरंभींच्या आवृत्त्या 'टर्बो सी' ह्या साधनाला धरून होत्या. तें साधन पुढील काळच्या संगणकांवर सरळ चालेनासें झालें, तेव्हां नव्या आवृत्त्यांना वाट बदलावी लागली. मराठी टंकलेखनाची कथाहि अशीच. पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें 'जिस्ट' तंत्रानें देवनागरी संगणकावर आणली, खासगी कंपन्यांनीं आपापले टंक काढले, १९९१ सालीं 'इस्की' हें भारतीय प्रमाण ठरलें, आणि पुढें 'युनिकोड'नें सर्वांना एका पंक्तीस बसविलें. ह्या स्थित्यंतरांत एका टंकासाठीं लिहिलेलें मार्गदर्शक दुसऱ्या टंकाला लागू पडेना. जुनें पुस्तक स्वस्त मिळतें हें खरें. परंतु ज्या यंत्रासाठीं तें लिहिलें तें यंत्रच घरीं नसेल, तर तें स्वस्तहि महाग पडतें.

२००१ सालीं महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनची स्थापना झाली आणि 'एम्‌एस्‌-सीआयटी' हा अभ्यासक्रम गांवोगांवच्या केंद्रांतून सुरू झाला. अनेक शासकीय पदांसाठीं संगणकाचें प्रमाणपत्र आवश्यक ठरल्यानें लक्षावधि लोकांनीं तो पुरा केला. येथें पुस्तक एकटें नव्हतें. समोर यंत्र, शेजारीं शिक्षक आणि ठरलेला सराव अशी त्याला जोड होती. पुस्तकाचें पान आणि पडदा एकमेकांशीं जुळलेले असले म्हणजे शहरांतला आणि खेड्यांतला शिकणारा सारख्याच पायरीवरून चढूं शकतो, हें ह्या प्रयोगानें दाखविलें. हीच जुळणी निराळ्या रूपानें २०२० सालीं दिसली. त्या वर्षीं इंग्लंडांत 'रास्पबेरी पाय ४००' हा कळफलकाच्या आंतच सामावलेला घरगुती संगणक निघाला. त्याच्या पूर्ण संचांत गॅरेथ हाफॅकर ह्यांचें नवशिक्यांचें मार्गदर्शक यंत्रासोबतच दिलेलें होतें. स्पेक्ट्रमच्या पेटींतील त्या दोन पुस्तकांची आठवण कोणासहि व्हावी.

इतक्या इतिहासावरून निवडीची कसोटी काढणें अवघड नाहीं. दुकानांत पुस्तकाचें पहिलें पान वाचूं नये. तें गोड असावयाचेंच. आपल्या यंत्राचें व त्यावरील प्रणालीचें नांव कागदावर लिहून न्यावें आणि तेंच पुस्तकांत आहे कीं नाहीं हें पाहावें. छपाईचें वर्ष पाहावें. मग मधलेंच एखादें पान उघडावें. त्यावर वाचकाला कांहीं करावयास सांगितलें आहे काय? तें केल्यावर पडद्यावर काय दिसेल हें सांगितलें आहे काय? आणि सर्वांत मोठा प्रश्न: तसें दिसलें नाहीं, तर काय करावें हें सांगितलें आहे काय? ज्या पुस्तकाला वाचकाची चूक आधींच दिसलेली असते, तेंच त्याला हात देऊं शकतें. शेवटीं शब्दसूची असावी. कारण अडलेला माणूस पुस्तक पहिल्या पानापासून वाचीत नाहीं.

आज चित्रफिती आहेत, विचारल्या प्रश्नाला तत्काळ उत्तर देणारीं साधनें आहेत, आणि पुस्तकाची गरज संपली असें म्हणणारेहि आहेत. परंतु उत्तर मिळण्यास आधीं प्रश्न विचारतां यावा लागतो, आणि नवशिक्याची अडचण हीच कीं त्याला प्रश्नाचें नांव ठाऊक नसतें. कोणती गोष्ट आधीं आणि कोणती मागाहून, हा क्रम चांगली अंकलिपीच लावून देते. सुप्यासारख्या गांवांत दिवसभराचें काम आटोपून रात्रीं जी मुलगी नव्या संगणकापुढें बसेल, तिच्या शेजारीं असें एक पुस्तक उघडें असावें. म्हणजे पडद्यावर प्रश्नचिन्ह लुकलुकलें तरी तें तिला स्वतःच्या बुद्धीविषयीं वाटणार नाहीं. पान उलटून ती पुन्हा एकदां कळ दाबील.