खेळ एकाचा, भर दुसऱ्याची

एका शिक्षकाने केलेला तक्ता दुसऱ्या शाळेतल्या बाई उतरवून घेतात, त्यात दोन आकृत्यांची भर घालतात आणि तो तिसऱ्या शाळेत जातो. कोणीही हिशेब मागत नाही. पण उद्या कोणी तोच तक्ता छापून विकू लागला, तर पैसे कोणाचे? संगणकीय खेळांच्या जगात हा प्रश्न बराच गाजला आहे.

डिसेंबर १९९३ मध्ये अमेरिकेतील इड सॉफ्टवेअर कंपनीचा 'डूम' हा खेळ आला. खेळ चालवणारा प्रोग्रॅम एका फाइलीत, तर चित्रे, आवाज व नकाशे दुसऱ्या फाइलीत, अशी त्याची रचना होती. प्रोजेक्टर तोच ठेवून स्लाइड बदलावी, तसे खेळाडूंना नवे नकाशे घालता येऊ लागले. अशा बदलाला 'मॉड' म्हणतात. हौशी मंडळी मॉड करीत आणि फुकट वाटीत.

पुढे 'ड्यूक न्यूकेम थ्रीडी' या खेळासाठी खेळाडूंनी रचलेले ३०० टप्पे मायक्रो स्टार नावाच्या कंपनीने सीडीवर घालून विकायला काढले. आमच्या फाइलींत मूळ चित्रे नाहीतच, कोणते चित्र कोठे ठेवायचे एवढ्याच सूचना आहेत, असा तिचा युक्तिवाद होता. १९९८ मध्ये अमेरिकी अपील न्यायालयाने तो फेटाळला. नायक तोच असल्याने ही मूळ कथेचीच पुढची प्रकरणे ठरतात आणि तो हक्क मूळ मालकाचा, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. ज्यांनी टप्पे रचले, ते मात्र या खटल्यात पक्षकार नव्हते.

दुसरी वाटही होती. 'हाफ-लाइफ' या खेळावर १९९९ मध्ये मिन्ह ले आणि जेस क्लिफ यांनी 'काउंटर-स्ट्राइक' हा मॉड रचला. मूळ खेळाच्या व्हॉल्व्ह कंपनीने त्याचे हक्क विकत घेतले व २००० मध्ये तो स्वतंत्र खेळ म्हणून बाजारात आणला.

खरा भडका उडाला २०१५ मध्ये. २३ एप्रिलला व्हॉल्व्ह आणि बेथेस्डा यांनी 'स्कायरिम' या खेळाचे मॉड विकण्याची सोय केली. किमतीतील २५ टक्के मॉड करणाऱ्याला, ३० टक्के व्हॉल्व्हला आणि ४५ टक्के बेथेस्डाला, अशी वाटणी होती. खेळाडू संतापले. चारच दिवसांत, २७ एप्रिलला, योजना मागे घेऊन पैसे परत करण्यात आले.

राग केवळ पैसे मोजावे लागण्याचा नव्हता. एक मॉड अनेकदा दुसऱ्याच्या मॉडवर उभा असतो. विक्रीस आलेला मासेमारीचा एक मॉड दुसऱ्याच्या फुकट कामावर अवलंबून असल्याने वाद होऊन काढून घ्यावा लागला. पण दुसरी बाजूही खरी आहे. शेकडो तास राबणाऱ्याने मोबदला मागितला, तर त्याचे काय चुकले?

विज्ञानातही आपण इतरांच्या कामावरच उभे असतो. तेथे निदान ऋण मान्य करण्याची रीत आहे. किंमत लागली की मात्र ऋणाचे रूपांतर वाट्यात होते, आणि वाटा मोजणे अवघड असते. डिसेंबर २०२३ मध्ये बेथेस्डाने निवडक मॉडकारांना विक्रीची नवी सोय करून दिली, तरी ही अडचण सुटलेली नाही. वर्गात विचारून पाहा: त्या तक्त्याचे शंभर रुपये आले, तर तुम्ही ते कसे वाटाल?