नार्डूची भाकरी

ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात, जिथे कधी पूर येतो आणि कधी वर्षानुवर्षे पाऊस पडत नाही, तिथे नार्डू नावाची एक लहानशी वनस्पती उगवते. कूपर्स क्रीक या नदीकाठच्या यांद्रुवांधा आदिवासींच्या कित्येक पिढ्या तिच्या पिठावर जगल्या. १८६१ साली दोन युरोपीय प्रवाशांनी त्याच नदीकाठी हेच पीठ रोज खाल्ले, आणि सुमारे सहा आठवड्यांत ते दोघेही मेले. त्यांचा तिसरा सोबती मात्र वाचला, तोही नार्डू खाऊनच.

वनस्पती एकच, जागा एकच, ऋतूही एकच. मग दोघे का मेले आणि तिसरा का वाचला? रानात तगून राहण्याच्या विद्येला इंग्रजीत ‘बुशक्राफ्ट’ म्हणतात. ही विद्या नेमकी कशाची बनलेली असते, ते या प्रश्नाच्या उत्तरातून चांगले कळते.

वीस टन सामान

२० ऑगस्ट १८६० रोजी मेलबर्न शहरातून एक मोठी मोहीम निघाली. निरोप द्यायला हजारो लोक जमले होते. ऑस्ट्रेलिया खंड दक्षिणेकडून उत्तरेकडे ओलांडायचा, हा तिचा हेतू. व्हिक्टोरियाच्या रॉयल सोसायटीने ती आखली होती. सामान सुमारे वीस टन. त्यात खायचे-प्यायचे पदार्थ, बंदुका आणि मोजमापाची उपकरणे होती. शिवाय ओक लाकडाचे टेबल, खुर्च्या आणि एक मोठी घंटाही होती! ओझ्यासाठी घोडे होते, उंट होते. यातले बहुतेक उंट खास भारतातून, कराचीच्या बंदरातून आणलेले. त्यांच्याबरोबर तिकडचेच काही सारवान म्हणजे उंट हाकणारेही आले होते.

नेता होता रॉबर्ट ओहारा बर्क. हा पोलीस अधिकारी शूर होता, पण उतावळा. रानाचा अनुभव त्याला जवळजवळ नव्हता. विल्यम जॉन विल्स हा तरुण सर्वेक्षक मात्र अभ्यासू होता. ताऱ्यांवरून स्थान काढणे, तापमान आणि हवेचा दाब टिपणे हे काम तो नेमाने करी. तिसरा जॉन किंग. हा विशीतला सैनिक भारतात नोकरी करून उंटांबरोबर ऑस्ट्रेलियात आला होता.

जड सामानामुळे मोहीम रखडली. बर्कने ती वाटेत तोडली आणि थोडी माणसे घेऊन तो कूपर्स क्रीकपर्यंत आला. तिथे तळ ठोकून काही माणसे मागे ठेवली. १६ डिसेंबर १८६० रोजी बर्क, विल्स, किंग आणि चार्ली ग्रे असे चौघे सहा उंट आणि एक घोडा घेऊन उत्तरेला निघाले. ज्या प्रदेशातून ते जाणार होते तिथला एकही माणूस त्यांनी वाटाड्या म्हणून बरोबर घेतला नव्हता.

नऊ तासांची चुकामूक

फेब्रुवारी १८६१ मध्ये ते उत्तर किनाऱ्याजवळ पोचले. खारफुटीच्या दलदलीमुळे समुद्र प्रत्यक्ष दिसला नाही, पण भरती-ओहोटीचे खारे पाणी दिसले. परतीच्या वाटेवर अन्न संपत आले, जनावरे मारून खावी लागली. १७ एप्रिलला ग्रे मेला. उरलेले तिघे २१ एप्रिलच्या संध्याकाळी कूपर्स क्रीकच्या तळावर पोचले, तर तळ रिकामा! मागे ठेवलेल्या तुकडीने तीन महिन्यांऐवजी चार महिने वाट पाहून त्याच दिवशी सकाळी मुक्काम हलवला होता. अंतर पडले ते सुमारे नऊ तासांचे. कूलिबाच्या एका झाडावर ‘खणा’ अशा अर्थाचा शब्द कोरलेला होता. त्याखाली पुरलेले थोडे अन्न मिळाले.

नैऋत्येला मैलोन्‌मैल दूर असलेल्या वस्तीकडे जाण्याचा त्यांचा प्रयत्न फसला. उरलेले दोन उंटही गेले. आता तिघांना नदीकाठ सोडता येत नव्हता.

मोहिमेच्या गोष्टी बहुधा या चुकामुकीवरच रेंगाळतात. पण आपल्या दृष्टीने खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते. कारण हा नदीकाठ ओसाड नव्हता. तिथे माणसे राहत होती, जाळी टाकून मासे पकडत होती, शिंपले गोळा करत होती आणि भाकरी भाजत होती.

झाडावर शोधलेले नार्डू

यांद्रुवांधा लोकांनी या तिघांना मासे दिले, भाजलेले उंदीर दिले आणि एका पिठाची भाकरीही दिली. विल्सने आपल्या रोजनिशीत तिचे नाव टिपले: नार्डू. हे पीठ कशाचे आहे हे समजले तर आपण आपले पोट भरू, असे तिघांना वाटले. त्यांनी ही वस्तू झाडांवर शोधली. कित्येक दिवसांनी, मेच्या मध्यास, किंगला ती जमिनीवर विखुरलेली आढळली.

नार्डू म्हणजे मार्सिलिया प्रजातीतला एक नेचा. अकरावी-बारावीच्या वनस्पतिशास्त्रात मार्सिलियाचे नाव येते. त्याच्या काही जाती आपल्याकडे भातखाचरांत आणि तळ्यांच्या काठी दिसतात. लांब देठ आणि त्यावर चार पानांची चौफुली, ही त्याची खूण. नेच्याला फुले आणि बिया नसतात, बीजाणू असतात. मार्सिलियाचे बीजाणू वाटाण्याहून लहान, टणक कवचाच्या गाठींत बंद असतात. पाणी आटले की पाने वाळतात, पण गाठी चिखलात तशाच राहतात. पुढचा पूर येईपर्यंत त्या वर्षानुवर्षे टिकतात. या गाठींत पिष्टमय पदार्थ भरपूर असतो. यांद्रुवांधा लोक त्याच दळत.

आता तिघांना वनस्पती माहीत झाली होती. दगडावर गाठी कुटून ते पीठ करू लागले. मात्र ज्यांच्याकडून ही माहिती मिळाली त्यांच्याशी संबंध बिघडत गेले. एकदा मासे घेऊन आलेल्या माणसाच्या हातचे जाळे बर्कने उडवून दिले आणि त्याच्या डोक्यावरून गोळी झाडायला किंगला सांगितले, असे किंगने नंतर नोंदवले आहे. हे लोक सतत छावणीत येऊन बसतील, अशी बर्कला धास्ती होती. पुढे यांद्रुवांधा लोक तिथून दूर निघून गेले.

तिघे नार्डूवरच राहू लागले. पोट भरत होते, पण शक्ती उतरत होती. विल्सने हे शास्त्रज्ञाच्या शिस्तीने लिहून ठेवले: नाडी मंद झाली आहे, हातापायांची कातडी आणि हाडे उरली आहेत, अन्नाची इच्छा आहे, तरी अंगी लागत नाही. आहारात चरबी आणि साखर नाही म्हणून असे होत असावे, हा त्याचा तर्क. जूनच्या अखेरीस त्याने वडिलांना शेवटचे पत्र लिहिले. विल्स आणि बर्क काही दिवसांच्या अंतराने मेले.

किंग कसा वाचला?

एकटा उरलेला किंग यांद्रुवांधा लोकांना शोधत गेला. सुरुवातीला त्यांनीही खुणांनी विचारले, की तू कधी जाणार? किंगने बंदुकीने कावळे मारले आणि त्यांना दिले. एका बाईच्या हाताला जखम झाली होती. ती त्याने धुतली आणि जवळचे औषध लावले. त्या बाईने त्याला नार्डू दिले. पुढे त्या लोकांनी त्याला आपल्यातलाच मानले. निवारा करून दिला, वस्ती हलली की बरोबर नेले. तो त्यांचेच रांधलेले खात होता. १५ सप्टेंबर १८६१ रोजी आल्फ्रेड हॉविट याच्या शोधपथकाला तो सापडला तेव्हा अगदी खंगलेला होता, पण जिवंत होता.

म्हणजे एकाच काठावर नार्डू खाण्याचे दोन प्रकार घडले. एकात पाहुण्यांनी वनस्पती ओळखली आणि बाकीचे आपल्या मनाने केले. दुसऱ्यात एक पाहुणा त्या लोकांच्या चुलीपाशी जाऊन बसला.

उत्तर मिळायला १३३ वर्षे

या कोड्याचे रासायनिक उत्तर पुढे आले ते १९९४ साली. जॉन अर्ल आणि बॅरी मॅकक्लिअरी या ऑस्ट्रेलियन संशोधकांनी ‘नेचर’ या नियतकालिकात ते मांडले. त्याआधी, १९७० च्या दशकात, न्यू साउथ वेल्समध्ये पुरानंतर नार्डू चरलेल्या मेंढ्या दगावल्या होत्या. त्या अभ्यासातून दिसले की नार्डूत थायमिनेज नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, फार मोठ्या प्रमाणात असते.

थायमिन म्हणजे जीवनसत्त्व ब-१. पिष्टमय पदार्थांतून ऊर्जा मिळवण्याच्या क्रियेत ते लागतेच. त्याच्या रेणूत दोन कड्या असतात आणि त्या एका लहान पुलाने जोडलेल्या असतात. थायमिनेज हा पूल तोडते, आणि जीवनसत्त्व निकामी होते. शरीरातला थायमिनचा साठा काही आठवडेच पुरतो. तो संपला की मज्जातंतू आणि हृदय यांवर परिणाम होतो. पायातले बळ जाते, हातपाय गार पडतात. हाच बेरीबेरी रोग. आहार पिष्टमय असेल तर थायमिनची गरज उलट वाढते. म्हणजे हे प्रवासी जितके नार्डू खात होते, तितके खड्ड्यात उतरत होते.

यांद्रुवांधा लोकांना थायमिन ठाऊक नव्हते. ते १८६१ साली जगात कुणालाच ठाऊक नव्हते. मग त्यांना बेरीबेरी का होत नव्हता? त्यांच्या रीतीकडे नीट पाहू या. गाठी भाजायच्या, दगडावर दळायच्या, टरफले टाकून द्यायची. पीठ भरपूर पाण्यात कालवायचे. ते पातळ पीठ शिंपल्याने खायचे, पानाने नाही. भाकरी राखेत भाजायची. या प्रत्येक पायरीला रासायनिक अर्थ असू शकतो. उष्णतेने विकराचा जोर घटतो. थायमिनेजला आपले काम करायला आणखी एका लहान रेणूची सोबत लागते. पाणी जास्त घातले की हे सारे विरळ होते आणि क्रिया मंदावते. झाडाच्या पानातून असा सोबती रेणू पिठात येऊ शकतो, शिंपल्यातून येत नाही. शिवाय यांद्रुवांधा लोक एकट्या नार्डूवर राहत नव्हते. मासे, पक्षी, इतर वनस्पती असे बरेच काही त्यांच्या आहारात होते.

यातल्या कोणत्या पायरीने किती रक्षण होते, यावर मतभेद आहेत. बर्क आणि विल्स यांच्या मृत्यूत उपासमार, थंडी आणि कदाचित स्कर्व्ही यांचाही वाटा असावा, असे काही अभ्यासक मानतात. पण मुख्य मुद्दा त्याने बदलत नाही. प्रवाशांच्या हाती वनस्पतीचे नाव आले, तिच्याभोवतीची कृती आली नाही. आणि ती नुसती पाहून येणारीही नव्हती. दळण्याच्या दगडाजवळ दिवस काढून, चुकत आणि दुरुस्त होत ती शिकावी लागली असती. ऑस्ट्रेलियाच्या आदिवासींत दळण हे मुख्यतः बायकांचे काम होते. पाहुणे पुरुष त्यांच्याजवळ बसून शिकतील, ही शक्यता आणखीच कमी.

मक्याचीही तीच कथा

हा एकच अपघात असता तर गोष्ट वेगळी. पण मक्याच्या बाबतीत असेच मोठ्या प्रमाणावर घडले. मेक्सिकोतले लोक पूर्वापार मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग वाटतात. युरोपीयांनी मका नेला, चुना तिथेच राहिला. अठराव्या शतकापासून स्पेन आणि इटलीत मक्यावरच गुजराण करणाऱ्या गरिबांत पेलाग्रा हा रोग पसरला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागात त्याने हजारो बळी घेतले. मक्यातले नायसिन हे जीवनसत्त्व अशा बंधात अडकलेले असते, की चुन्याच्या प्रक्रियेशिवाय ते शरीराला फारसे मिळत नाही. चुना वापरणाऱ्यांना हे कारण माहीत नव्हते, पण रीत माहीत होती. ती न शिकता पीक तेवढे नेले गेले.

वर्गात काय करता येईल?

आपल्या घरांतही अशा रीती आहेत. अळूच्या भाजीत आणि वड्यांत चिंच किंवा कोकम का घालतात? सुरण शिजवतानाही आंबट का घालतात? काजूच्या बिया उघड्यावर का भाजतात? सह्याद्रीत आणि सातपुड्यात काही कडू कंद चिरून राखेत शिजवतात आणि मग वाहत्या पाण्यात का ठेवतात? विद्यार्थ्यांनी घरातल्या आणि गावातल्या वडीलधाऱ्या बायकांना विचारून एक तक्ता करावा: पदार्थ, त्यावर करायची क्रिया, ती गाळली तर काय होते असे त्या सांगतात, आणि त्याचे शास्त्रीय कारण काय असू शकेल. शेवटचा रकाना बरेचदा रिकामा राहील, राहू द्यावा. तो भरण्यासाठी प्रयोग कसा आखता येईल, ही चर्चा तासाला पुरेल. मात्र अनोळखी पान, कंद किंवा फळ कुणी तोंडात घालायचे नाही, हे आधीच बजावून ठेवावे.

राहिली गोष्ट यांद्रुवांधांची. किंगला दाखवलेल्या माणुसकीबद्दल त्यांना व्हिक्टोरियातून पितळी छातीपट्ट पाठवण्यात आले. पुढे पंधरा वर्षांच्या आतच कूपर्स क्रीकच्या काठी गुराढोरांचे मोठाले मळे उभे राहिले. ज्या पाणथळ जागांवर नार्डू गोळा केले जाई, तिथे आता गुरे चरू लागली. बर्क आणि विल्स यांचे पुतळे शहरांत उभे राहिले. किंग १८७२ साली वारला. ज्यांच्या भाकरीने तो वाचला होता, त्यांच्या बाजूने ही कथा सांगणारे अभ्यासकांचे एक पुस्तक निघाले ते २०१३ साली.