उड्डाण : एका शब्दाची वाटचाल

महाभारताच्या कर्णपर्वात शल्य कर्णाला खिजविण्यासाठी हंस आणि कावळा यांची कथा सांगतो. समुद्रकाठच्या एका वैश्याच्या घरी उष्ट्यावर पोसलेला कावळा आपणांस एकशेएक प्रकारे उडता येते अशी बढाई मारतो आणि उड्डीन, अवडीन, प्रडीन, डीन, निडीन, संडीन अशी नावे घडाघडा म्हणून दाखवितो. हंसाला एकच गती ठाऊक. पुढे समुद्रावर कावळा थकून बुडू लागतो व हंसच त्याला पाठीवर घेऊन परत आणतो. मूळच्या कोपरगावकर घराण्यातील टीकाकार नीलकंठ चतुर्धर यांनी सतराव्या शतकात या नावांचे अर्थ उलगडले. उड्डीन म्हणजे वर जाणे, अवडीन म्हणजे खाली येणे.

या साऱ्यांच्या मुळाशी ‘डी’ हा धातू आहे. पाणिनीय धातुपाठात त्याचा अर्थ आकाशमार्गाने जाणे एवढाच दिलेला आहे. ‘वर’ हा भाव ‘उद्’ या उपसर्गाचा. शेजारच्या ‘ड’मुळे त्याच्या ‘द्’चाही ‘ड्’ झाला. मराठीने मात्र उपसर्ग धातूत पुरता जिरवून टाकला. म्हणूनच विहिरीत खाली मारायची तीही ‘उडी’च! रंग उडतो, झोप उडते, पैसा उडतो. यांतले काहीच आकाशात जात नाही.

योगमार्गात पोट वर खेचून घेण्याच्या क्रियेला उड्डियान बंध म्हणतात. शके 1212 मधील ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात त्याचेच ‘वोढियाणा’ झाले आहे. मराठी कानाला त्यात ‘ओढणे’ ऐकू आले असेल काय, हा केवळ तर्क.

संस्कृत व्याकरणाने सरळ सिद्ध होणारे रूप ‘उड्डयन’; म्हणून ‘उड्डाण’ अशुद्ध ठरविण्याचा मोह पंडितांना होऊ शकतो. तो व्यर्थ आहे. समर्थ रामदासांच्या भीमरूपी स्तोत्रात मारुतीची ‘उड्डाणे’च आहेत, आणि तीनशेहून अधिक वर्षे घरोघरी तिन्हीसांजेला मुलांच्या तोंडी तेच रूप बसले आहे. तेथे झेप आणि उडणे वेगळे काढता येत नाही.

ते वेगळे झाले विमानामुळे. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन मुंबईस उतरले. त्या शतकात ‘उड्डाण’ हा शब्द विमानाला चिकटला आणि उडीकडे केवळ झेप उरली. इंदूरसारख्या ठिकाणी शेजारच्या हिंदीतील ‘उड़ान’ही मराठी कानावर सतत पडत असते. ‘उड्डाणपूल’ या शब्दात मात्र जुना अर्थ परतला आहे. त्या पुलावरून कोणी उडत नाही. पूलच खालच्या रस्त्यावरून उडी घेतो.