स्वच्छ हवेसाठी तुमच्या मालकांशी काय बोलाल?

दम्याच्या रुग्णाला औषधाइतकीच स्वच्छ हवा लागते. अमरावती आणि अकोला ही दोन्ही शहरे २०१९ च्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात आहेत. २०२५ च्या स्वच्छ वायू सर्वेक्षणात ३ ते १० लाख लोकवस्तीच्या शहरांत अमरावतीने पहिला क्रमांक मिळवला. हे टिकवायचे तर जिनिंग, दालमिल आणि बांधकामाच्या मालकांचाही हातभार हवा.

मालकांना काय सुचवाल?
• धूळ जिथे उडते तिथेच ओढून घेणारी यंत्रणा बसवा.
• मालाच्या ट्रकवर ताडपत्री टाका. आवारातला रस्ता पक्का करा.
• कचरा जाळू नका.
• कामगारांसाठी बस ठेवा.

एकट्याने बोलणे अवघड वाटत असेल, तर चार सहकाऱ्यांना सोबत घ्या.

डॉक्टरांकडे केव्हा यावे?
जिनिंगमध्ये काम करताना सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळत असेल, तर ते कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिसचे लक्षण असू शकते. सुरुवातीलाच धूळ टाळली तर त्रास कमी होतो. वर्षानुवर्षे अंगावर काढल्यास फुप्फुसांचे नुकसान कायमचे राहू शकते. त्रास कोणत्या दिवशी वाढतो, ते लिहून आणा. रुमाल बारीक धूळ अडवत नाही. इनहेलर स्वतःहून बंद करू नका.