तपकिरी कोळशाचा कोक

लोखंड गाळण्याच्या उंच झोतभट्टींत कोकाला तीन कामें करावीं लागतात: उष्णता द्यावयाची, खनिजांतील प्राणवायु काढून घ्यावयाचा, आणि वरच्या थरांचें ओझें सोसून वाऱ्याला वाट मोकळी ठेवावयाची. ह्या तिसऱ्या कामासाठीं निवडक दगडी कोळशाचाच कठीण कोक लागतो. १९४९ सालीं पूर्व जर्मनीचें निराळें राज्य स्थापन झालें, तेव्हां असा कोळसा देणारा रूर प्रांत पश्चिमेकडे राहिला होता व वरचा सायलेशिया पोलंडच्या ताब्यांत होता. पूर्वेच्या वाट्यास आला तो मुख्यतः तपकिरी कोळसा. खाणींतून निघतांना त्यांत निम्म्याहून अधिक पाणी असतें, आणि भट्टींत तापविला कीं त्याचा भुगा होतो.

ह्या भुग्याशीं झुंज घेतली ती एरिख रामलर व गेओर्ग बिल्केनरोट ह्या दोघांनीं. रामलर हे फ्रायबर्गच्या खनिविद्यालयांत प्राध्यापक. दळलेल्या पदार्थांतील लहानमोठ्या कणांचें प्रमाण सांगणारें एक सूत्र १९३३ पासून त्यांच्या व रोझिन ह्यांच्या नांवानें ओळखलें जातें. तेव्हां त्यांना उपाय कणांतच सांपडावा, ह्यांत नवल नाहीं. कोळसा अगदीं बारीक दळावयाचा, वाळवून त्यांतील पाणी दहाव्या हिश्शाच्या आसपास आणावयाचें, जबर दाबाखालीं त्याच्या वड्या पाडावयाच्या, आणि उभ्या भट्टींत त्या हळूहळू सुमारें १००० अंशांपर्यंत तापवावयाच्या. सारें मर्म त्या ‘हळूहळू’ शब्दांत आहे. वडी तापतांना आक्रसते. घाई केली कीं ती तडकलीच. कच्चें मडकें भाजणाऱ्या कुंभारास हें निराळें सांगावयास नको.

१९५२ त लाउखहामर येथें हा कोक मोठ्या प्रमाणावर निघूं लागला. तरीही दगडी कोळशाच्या कोकाचें बळ त्यास नव्हतें. म्हणून काल्बे गांवीं मुद्दाम ठेंगण्या भट्ट्या बांधल्या होत्या. कोकाची ताकद वाढेना, तेव्हां भट्टीचीच उंची उतरविली! काल्बेचें लोखंड १९७० पर्यंत निघत राहिलें.

किंमत भरली ती लाउखहामरच्या रहिवाशांनीं. धूर आणि उग्र दर्प तर होताच. शिवाय सांडपाण्यांत फिनॉल असे. तें नदींत सोडण्यापूर्वीं सूक्ष्मजंतूंकडून स्वच्छ करून घ्यावें म्हणून २२ मीटर उंचीचे २४ मनोरे उभारले गेले. १९९१ त कोकचा कारखाना बंद पडला. हवा निवळली, पण कित्येक घरांतील कर्त्या माणसाची रोजीही त्याबरोबरच गेली. भट्ट्या पाडून टाकल्या. मनोरे मात्र राखले असून लोक ते पाहावयास येतात.